आजी आणि नातू चालत जातील असं उपनगर

एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांची नाशिकहून मुंबईला बदली झाली आहे, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात. ताई स्वतः घरून काम करतात. मुलगी सातवीत, सीबीएसईला. मुलगा सिनिअर केजीत, येत्या ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण करेल. सासूबाई बरोबरच राहतात. भाड्यासाठी महिना ६० हजारांपर्यंत तयारी आहे आणि एप्रिलमध्ये यायचं आहे. मुलांना सुरक्षित आणि शाळा चांगल्या, असं उपनगर कोणतं?

मी गेली २२ वर्षं बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना घर आणि शाळा शोधून देते. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. उत्तर आधीच देऊन टाकते: तुमच्या बाबतीत मी आधी मुलुंड बघेन, मग चेंबूर, मग नेरूळ. विलेपार्ले पूर्व मनात असेल तर जरूर बघा, पण ६० हजारांत तिथे तडजोड करावी लागेल. हा क्रम तुमच्या घरातल्या माणसांवरून लावला आहे. सासूबाई बरोबर नसत्या किंवा मुलगी दहावीत असती, तर तो बदलला असता.

नव्याने येणारी माणसं काय करतात, तर नकाशा उघडून ऑफिसभोवती वर्तुळ काढतात. तुमच्या घरात ऑफिसला जाणारा माणूस एकच आहे आणि तो मोठा आहे. लोकलच्या गर्दीला तो दोन महिन्यांत सरावेल. रोज घराबाहेर पडणारी बाकीची माणसं कोण? सहा वर्षांचा मुलगा. त्याला सोडणारी आणि आणणारी आजी, कारण शाळा सुटायच्या वेळी तुमची मीटिंग हमखास चालू असणार. आणि मुलगी, जी आठवीत गेली की संध्याकाळी क्लासला जाणार आणि रात्री आठ-साडेआठला परत येणार. वर्तुळ काढायचं ते या तिघांच्या पायांभोवती. त्यातून जी जागा निघेल तिथून यजमानांना कसं जाता येतं ते नंतर बघू.

हे शहाणपण मला चूक करून आलं. सुरुवातीच्या वर्षांत मी सोलापूरच्या एका कुटुंबाला पश्चिम उपनगरात घर दिलं. शाळा उत्तम, नकाशावर अंतर एक किलोमीटर. घर मात्र रुळांच्या पश्चिमेला आणि शाळा पूर्वेला. रोज आजीने नातवाचा हात धरून पुलाच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. गुडघे बोलायला लागले म्हणून रिक्षा लावली, तर ती सबवेतून वळसा घेऊन अर्धा तास खायची, आणि जुलैत सबवेत पाणी भरलं की तीही बंद. ११ महिन्यांचा करार संपला त्या दिवशी त्यांनी घर सोडलं. माझ्या दलालीचे पैसे मला तेव्हा खरंच टोचले. मुंबईत रूळ ओलांडणं हे सगळ्यात मोठं अंतर आहे, त्या खालोखाल द्रुतगती महामार्ग. म्हणून माझा पहिला नियम असा की लहान मुलाची शाळा आणि घर रुळांच्या एकाच बाजूला हवं, आणि मधे महामार्ग नको.

आता सुरक्षिततेचं. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक चोऱ्यामाऱ्या आणि छेडछाड असते. ती काळजी चुकीची नाही, पण मुंबईच्या बहुतेक मध्यमवर्गी उपनगरांत रात्री नऊ वाजता रस्त्यावर बायका दिसतात, भाजीवाले बसलेले असतात, केमिस्ट उघडा असतो. मुलगी एकटी चालत येऊ शकते ती या डोळ्यांमुळे. त्यामुळे मी उंच भिंतींच्या, तीन फाटकांच्या, स्वतःच्या आत सगळं असलेल्या संकुलांवर फारशी भाळत नाही. आत सगळं छान असतं, पण फाटकाबाहेर दोनशे मीटर अंधार आणि डंपरची ये-जा. मुलीचा क्लास नेमका त्या फाटकाबाहेर असतो.

माझ्या यादीत वाहनं पहिली आणि पाणी दुसरं. सध्या मुंबईत असं उपनगर शोधूनही सापडायचं नाही जिथे मेट्रो, काँक्रिटचे रस्ते किंवा पुनर्विकास यांपैकी काहीतरी चालू नाही. फूटपाथ खोदलेला, त्यावर पत्रे लावलेले, आणि मुलं रस्त्याच्या कडेने चालतायत. घर बघायला जाल तेव्हा घरापासून शाळेपर्यंत स्वतः चालत जा आणि किती ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो ते मोजा. सिग्नल नसलेला मोठा चौक एकही नसावा. आजीसाठी दोन साधे रस्ते ओलांडणं ठीक आहे, चार झाले की मी घर बदलते.

पाण्यासाठी एक सोपी युक्ती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती तारीख मुंबईतल्या जुन्या माणसांच्या अंगात भिनलेली आहे. इमारतीच्या जुन्या वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, "सव्वीस जुलैला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो गुडघा, कंबर किंवा दुकानातली फळी दाखवेल. मग विचारा, "आणि गेल्या वर्षी?" दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. तळमजल्यावर विजेच्या मीटरची पेटी नेहमीपेक्षा उंच चढवलेली दिसली तर तीही काही सांगते. मिठी नदीच्या काठचा कुर्ला, शीवचा गांधी मार्केटचा भाग, दादरजवळ हिंदमाता, अंधेरीची सबवे, सांताक्रूझची मिलन सबवे ही नावं पावसाळ्यात बातम्यांत येतातच. पण त्याच उपनगरात शंभर पावलं चढावर गेलं की कोरडं असतं, त्यामुळे उपनगराच्या नावावरून नाही, गल्लीवरून ठरवायचं.

शाळेकडे येते. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मुलीचा अवघड आहे. सीबीएसई नववीत विद्यार्थ्यांची नोंदणी करते आणि थेट दहावीत प्रवेश काही ठरावीक कारणांशिवाय मिळत नाही. म्हणजे आठवीत जिथे घालाल तिथेच ती दहावी करेल असं धरून चाला. वरच्या वर्गांत जागा फक्त कुणी शाळा सोडली तरच होते. म्हणून क्रम असा: आधी मुलीची जागा पक्की करा, मग त्या शाळेच्या आसपास घर. घराला आगाऊ पैसे देऊन मग शाळांचे उंबरठे झिजवणारी कुटुंबं मी दर वर्षी बघते. आणि नव्या शाळेकडून जागेचं पत्र हातात पडेपर्यंत नाशिकच्या शाळेतून दाखला काढू नका.

शाळेच्या फाटकावर "सीबीएसई" लिहिलेलं असणं पुरेसं नाही. संभाजीनगरहून आलेल्या माझ्या एका कुटुंबाला नववीच्या तोंडावर कळलं की मुलाची नोंदणी दुसऱ्याच एका शाळेच्या नावावर होणार आहे, कारण ही शाळा फक्त "सीबीएसई पॅटर्न" शिकवत होती, संलग्नता अर्जाच्या टप्प्यावर होती. मंडळाच्या संकेतस्थळावर संलग्नता क्रमांक टाकून बघा, आणि ती कोणत्या स्तरापर्यंतची आहे तेही बघा: माध्यमिक म्हणजे दहावीपर्यंत, उच्च माध्यमिक म्हणजे बारावीपर्यंत. काही शाळांना फक्त आठवीपर्यंतची मान्यता असते, तुम्हाला ती चालणार नाही. कोणत्याही मंडळाच्या शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो, तो विचारायला लाजू नका. महापालिका आणि शिक्षण खातं अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतं, तीही चाळा. पाच मिनिटांचं काम आहे.

मराठीची चिंता वाटत असेल तर सोडून द्या. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. कुठल्या वर्गात ती किती मनापासून शिकवली जाते हा मात्र निराळा विषय, आणि तो वर्गाच्या वह्या बघूनच कळतो.

मुलाचं सोपं आहे, एक खाचखळगा सोडला तर. राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे ऑक्टोबरचा मुलगा बसतो. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, तिथे तो बसत नाही. इतर केंद्रीय मंडळांच्या शाळांना फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. एखादी शाळा त्याला पुन्हा सिनिअर केजीत घ्यायला तयार असेल तर मी नाही म्हणणार नाही. शहर नवीन, घर नवीन, त्यात वर्गातला सगळ्यात लहान, असं तिहेरी ओझं कशाला?

मुलाला मुलीच्याच शाळेत घालायचा हट्ट करू नका. भावंडांना प्राधान्य मिळतं हे खरं आणि फीच्या तारखा एकच राहतात हाही फायदा. पण मुलीची शाळा दोन किलोमीटरवर असली तर ती बसने किंवा सायकलने जाईल, मुलाला मात्र घराजवळची साधीशी राज्य मंडळाची शाळाही पहिली चार वर्षं पुरते. माझा स्वतःचा मुलगा मराठी माध्यमात शिकला, आता इंजिनिअर आहे, त्यामुळे या बाबतीत मी थोडी पक्षपाती आहे हे लक्षात घेऊन वाचा. महापालिकेच्याही काही शाळा आता मुंबई पब्लिक स्कूल या नावाने सीबीएसई शिकवतात. प्रवेशाला गर्दी असते, पण माहिती काढायला हरकत नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल आणि रोबोटिक्सची खोली तेच दाखवतील. तुम्ही मुलींचं स्वच्छतागृह बघायला मागा, आणि लहान मुलांना तिथे कोण घेऊन जातं ते विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली सखी सावित्री समिती यांबद्दल कडक आदेश काढले. समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं, हे विचारल्यावर मुख्याध्यापिका न अडखळता बोलल्या तर शाळा बरी. "तुम्हाला हे कशाला हवंय?" असं उलट विचारलं तर चहा पिऊन बाहेर पडा. स्कूलबसमध्ये महिला मदतनीस असते का ते शब्दावर घेऊ नका, शाळा सुटताना फाटकावर उभं राहून बघा. आणि रिक्षात दहा-दहा मुलं कोंबून नेणारे काका कितीही प्रेमळ असले तरी नको.

डोनेशन हा शब्द कुणी उच्चारला तर लक्षात असू द्या, राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फीला बंदी आहे. जो पैसा पावतीवर लिहिला जात नाही तो देऊ नका. आणि हिशेब करताना भाडं वेगळं, फी वेगळी असं करू नका. दोन्ही मिळून एक आकडा धरा, त्यात बस आणि क्लास मिळवा. पार्ल्यात महाग घर आणि स्वस्त शाळा, मुलुंडला परवडणारं घर आणि महाग शाळा, अशा जोड्या लावून बघितल्या की बऱ्याचदा दोन्ही एकाच आकड्याला येऊन थांबतात. मग ज्यात आजी खुश ते निवडायचं.

आता जागा. मुलुंड मी पहिलं का धरलं? पश्चिमेचे जुने रस्ते चौकटीत आखलेले आहेत, चालायला सोपे, आणि चुकलं तरी पुढच्या कोपऱ्यावर परत वाटेवर येता येतं. पूर्वेला केळकर महाविद्यालयाच्या आसपास मराठी वस्ती दाट आहे, भाजी, देऊळ, डॉक्टर सगळं हाकेच्या अंतरावर. दोन्हीकडे शाळा भरपूर, राज्य मंडळाच्या जास्त पण सीबीएसईच्याही मिळतात. कालिदास नाट्यगृह आहे, सासूबाईंना नाटकाची आवड असेल तर तुमचं काम आपोआप होईल. यजमानांनी मुलुंडहून स्लो लोकल पकडून कुर्ल्याला उतरायचं, तिथून बस किंवा शेअर रिक्षा. कुर्ला पश्चिमेचा तो शेवटचा तुकडा वैतागाचा आहे. रांगा, चिखल, पावसाळ्यात आणखी. पण तो त्यांचा वैताग आहे, मुलांचा नाही, म्हणून मी तो चालवून घेते.

मुलुंडची दुसरी बाजूही सांगते. पूर्वेला हरिओमनगरच्या बाजूचं डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं, पण जुना कचरा उपसण्याचं काम मागे लागलेलंच आहे, तेव्हा त्या भागात घर बघत असाल तर संध्याकाळी वाऱ्याला उभं राहून बघा. कांजूरचं डम्पिंग चालू आहे, त्याचा वास वाऱ्यावर भांडुप-विक्रोळीपासून इकडे येतो. पश्चिमेला एलबीएस रस्त्यावर मेट्रोचं काम आहे, त्याला लागून घर नको. आणि मुलुंड कॉलनीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत गेलात तर हवा सुंदर, भाडं कमी, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं टोक. बिबट्या तिथला मूळ रहिवासी आहे, आपण भाडेकरू. संध्याकाळनंतर लहान मुलाला एकटं खेळायला सोडायचं नाही, एवढी शिस्त तिथली माणसं पाळतात.

एक कडू गोष्ट. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या काही सोसायट्यांत ब्रोकर पहिल्याच फोनवर "व्हेज फॅमिली आहे ना?" विचारतो. तुम्ही मासे-मटण खाणारे असाल तर तिथेच स्पष्ट सांगा. लपवून राहणं म्हणजे दर रविवारी खिडक्या बंद करून जेवणं. असं घर मुलांना नको.

चेंबूर हे ऑफिसच्या दृष्टीने तुम्हाला सगळ्यात सोयीचं. हार्बरने तिसऱ्या स्टेशनावर... नाही, टिळकनगर सोडलं की लगेच कुर्लाच, म्हणजे दुसऱ्याच. रस्त्याने सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आहे, आणि चुनाभट्टीचा उड्डाणपूल २०१९ पासून थेट वांद्रे-कुर्ला संकुलात उतरतो. जुन्या, झाडांच्या गल्ल्या, बागा, आणि शाळांची परंपरा. तरी मी चेंबूर दुसरं ठेवते ते हवेमुळे. माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, ट्रॉम्बेला वीज आणि खतांचे कारखाने, देवनारचं १९२७ पासूनचं डम्पिंग, हे सगळं एका प्रभागाच्या आसपास आहे. डायमंड गार्डनच्या वरच्या गल्ल्यांत ते जाणवतही नाही, दक्षिणेकडे सरकाल तसं काही रात्री नाक सांगतं. घरात कुणाला दमा असेल तर चेंबूरचा विचार इथेच सोडा. नसेल तर दोन रात्री कुणाकडे तरी राहून बघा आणि मग ठरवा. चेंबूरची भाडी गेल्या काही वर्षांत चढली आहेत आणि पुनर्विकासाच्या क्रेन प्रत्येक गल्लीत उभ्या आहेत, हे धरूनच जा.

नेरूळ यादीत पाहून तुम्ही म्हणाल, हे तर मुंबईच नाही. नाही, नवी मुंबई आहे, महापालिका वेगळी, जिल्हा ठाणे. पण सिडकोने आखलेले सेक्टर, रुंद फूटपाथ, चालत जाण्याजोगी बाग, आणि मोरबे हे पालिकेच्या मालकीचं धरण असल्यामुळे पाण्याची ददात कमी. तुमच्या पैशांत सगळ्यात मोठं घर इथे मिळेल आणि सीबीएसईच्या शाळांची निवडही इथे चांगली आहे. आजीसाठी मला नेरूळ मुलुंडपेक्षाही आवडतं. अडचण यजमानांची: हार्बर लोकलने खाडी ओलांडून कुर्ल्याला यायचं, आणि जोराच्या पावसात चुनाभट्टी-कुर्ल्याजवळ हार्बर ठप्प झाली की ते अलीकडे आणि घर पलीकडे. असे दिवस वर्षाला थोडेच, पण येतात. त्या दिवशी कुणाकडे मुक्काम करता येईल असा एक नातेवाईक मुंबईत असला तर नेरूळ घ्या.

पार्ले पूर्व. मनाने मी पार्लेकर आहे, राहते मुलुंडला. १९२१ सालचं पार्ले टिळक विद्यालय, व्याख्यानमाला, ग्रंथालयं, रात्री दहालाही गजबजलेला स्टेशन रस्ता, आणि वांद्रे तिसरंच स्टेशन. मुलीला यापेक्षा बरं वातावरण मिळणार नाही. पण ६० हजारांत जे टू बीएचके मिळेल ते बहुधा जुन्या इमारतीत, लिफ्ट असेलच असं नाही, आणि ती इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर असण्याची शक्यता मोठी. सासूबाईंचे गुडघे आणि तिसरा मजला, एवढं एकच वाक्य त्यावर पुरेसं आहे. शिवाय डोक्यावरून विमानं. त्याची मात्र आठवड्यात सवय होते.

बाकीचं झटपट. बोरिवली चांगलं, तिथून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण संकुलासाठी लांब. गोरेगाव पूर्वेहून मेट्रोने गुंदवली, तिथून पहिल्या मेट्रोने मरोळ नाका आणि मग भुयारी मेट्रोने थेट संकुलात जाता येतं. गर्दीच्या लोकलची ज्यांना धास्ती आहे त्यांनी हा पर्याय जरूर तपासावा. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडी मिळालं तर मुलुंडच्या तोडीचं. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून गाडीने येणाऱ्यांचंही बरं झालंय. पण जाहिरातीत "ठाणे पश्चिम" लिहून ब्रोकर तुम्हाला घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला नेईल. घर बघून तुम्ही प्रेमात पडाल, इतकी छान घरं आहेत ती. मग सकाळी सात वाजता स्टेशनला जायला किती वेळ लागतो ते रिक्षात बसून मोजा. डोंबिवलीवर माझं प्रेम आहे, शाळा आणि वाचनालयं तर कुणालाही हेवा वाटावा अशी, पण कुर्ल्यापर्यंतचा रोजचा प्रवास आणि एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात झालेले स्फोट आठवले की लहान मुलांच्या कुटुंबाला एमआयडीसीलगतचं घर सुचवायला जीभ रेटत नाही.

घराच्या कागदांबद्दल थोडं, कारण शाळेशी त्याचा संबंध आहे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा, कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. शाळा पत्त्याचा पुरावा म्हणून तोच मागतात. शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी तुम्ही पात्र असाल तर तिथेही पत्ता आणि शाळेपासूनचं अंतर यांवरच सगळं ठरतं, आणि एप्रिलमध्ये येणाऱ्याकडे तो करार वेळेत नसतो, त्यामुळे त्या वाटेवर विसंबू नका. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली जाते, मालकाने ती दिली का ते विचारा.

करार सवयीने ११ महिन्यांचा करतात. तुम्ही तीन वर्षांचा मागा. मुलीची दहावी होईपर्यंत घर हलायला नको आहे, हे मालकाला सरळ सांगा, भाडेवाढीचा आकडा आजच लिहून घ्या. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला एक प्रश्न: "पुनर्विकासाचा ठराव झालाय का? ७९अ ची बैठक झालीये का?" (७९अ म्हणजे सहकार कायद्यातलं कलम, पुनर्विकासाची प्रक्रिया त्याखाली चालते.) मालक "अजून पाच वर्षं तरी काही होत नाही" म्हणेल. सेक्रेटरी खरं सांगतो, निदान त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

आता या महिन्यात काय करायचं. मुलुंड आणि चेंबूरच्या चार-पाच सीबीएसई शाळांना फोन करून आठवीची जागा विचारा. जिथून "अर्ज द्या, चाचणी घेऊ" असं उत्तर येईल त्या शाळांसाठी एक दिवस काढा, शाळा चालू असेल असा वार बघून. रविवारी मुंबई खोटं बोलते, रस्ते मोकळे, रिक्षा लगेच मिळते. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडा, ठाण्याला उतरून स्लो लोकलने एक स्टेशन पुढे आलात की मुलुंड. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबा. दुपारी दोन-तीन घरं बघा. त्या रात्री परतू नका, कुणाकडे तरी राहा, आणि साडेआठला त्याच गल्लीतून परत एकदा चाला.

मुलीला बरोबर आणा. शाळेच्या फाटकापासून त्या घरापर्यंतचा रस्ता तिला एकदा दाखवा, आणि दुसऱ्यांदा तिलाच पुढे चालू द्या, तुम्ही वीस पावलं मागे. ती कुठे थबकते, कुठे पर्स छातीशी घेते, कुठे रमतगमत दुकानात डोकावते, ते बघा. सासूबाई आल्या असतील तर त्यांना खाली वाण्याच्या दुकानात अर्धा तास बसवा. मी २२ वर्षांत जेवढी माहिती काढली नसेल तेवढी त्या अर्ध्या तासात घेऊन येतील.